व्हेक्टर लसीला दोष देण्याआधी: हॅचरीवाल्यांना आणि पोल्ट्री कंपन्यांना खुलं पत्र

हॅचरी व्यवस्थापक, पोल्ट्री कंपन्यांचे तांत्रिक अधिकारी आणि फ्लॉकचा लसीकरण कार्यक्रम ठरवणारे पशुवैद्यक यांस,

स. न. वि. वि.

"व्हेक्टर लस घेतली, पैसे जास्त मोजले, तरी राणीखेत आलाच." व्हेक्टर लस म्हणजे एका निरुपद्रवी वाहक विषाणूत दुसऱ्या रोगाच्या विषाणूचं जनुक बसवून केलेली लस. या तक्रारीनंतर बहुतेक वेळा एकच निर्णय होतो: कंपनी बदला, दुसऱ्या ब्रँडची लस घ्या. नवी लस त्याच कंटेनरमध्ये जाते, त्याच पाण्यात वितळते, त्याच हातांनी टोचली जाते आणि तिची तपासणीही त्याच चुकीच्या टेस्टने होते. लसीवर बोट ठेवण्याआधी काय तपासायचं, एवढंच सांगायला हे पत्र आहे. आमच्या मागण्या तीन. डोस तोडणं, म्हणजे लेबलपेक्षा कमी मात्रा देणं, बंद करा. एचव्हीटी या वाहक विषाणूच्या दोन लसी एका पिल्लाला देऊ नका. आणि एचआय टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं एका टेस्टने काढलेलं प्रमाण) पाहून या लसीचा निकाल लावू नका.

बाटलीत नेमकं काय असतं ते आधी बघू. एचव्हीटी म्हणजे टर्कीतला हर्पिस विषाणू. त्याचा एफसी 126 हा स्ट्रेन 1970 च्या सुमारास वेगळा केला गेला आणि तेव्हापासून तो मरेक्सची (कोंबड्यांत गाठी आणि लकवा आणणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) लस म्हणून वापरात आहे. कोंबडीला तो आजार देत नाही, पण एकदा शरीरात शिरला की आयुष्यभर राहतो. त्याचा जीनोम सुमारे 1,60,000 बेस जोड्यांचा, म्हणजे विषाणूच्या मानाने ऐसपैस. त्यात यूएल 45 आणि यूएल 46 या जनुकांच्या मधल्या जागेसारख्या काही जागा अशा आहेत, की तिथे परकं जनुक बसवलं तरी विषाणूची वाढ अडत नाही. राणीखेतसाठी एफ, गंबोरोसाठी (बर्सा या प्रतिकारशक्तीच्या अवयवाच्या रोगासाठी) व्हीपी 2, आयएलटीसाठी (श्वासनलिकेच्या एका विषाणूजन्य रोगासाठी) जीबी किंवा जीडी-जीआय, बर्ड फ्लूसाठी एच 5: ज्या रोगाची लस हवी, त्याच्या विषाणूचं एखाद-दुसरं जनुक तिथे बसवतात. पिल्लाच्या पेशींत एचव्हीटी वाढू लागला की मरेक्सच्या संरक्षणासोबत ते परकं प्रथिनही तयार होतं आणि शरीर त्याविरुद्ध सज्ज होतं.

याचा सरळ अर्थ असा की बाटलीत राणीखेतचा विषाणू नाही आणि गंबोरोचाही नाही. म्हणून लसीनंतरचा खोकला-शिंका हा प्रकार इथे नाही, आणि इंटरमिजिएट प्लस या जहाल जिवंत गंबोरो लसीमुळे बर्सावर होते तशी इजाही नाही. आईकडून आलेल्या अँटिबॉडी या लसीला फारशा अडवत नाहीत, कारण ही लस पेशींच्या आत असते आणि एका पेशीतून दुसऱ्या पेशीत सरकते. आयएलटीच्या बाबतीत फायदा आणखी मोठा आहे. ऑस्ट्रेलियात जिवंत आयएलटी लसींचे वेगवेगळे विषाणू आपसात मिसळून नवे, घातक फील्ड स्ट्रेन तयार झाल्याचं 2012 मध्ये जनुकीय तपासणीतून दाखवलं गेलं. ज्या लसीत आयएलटीचं एखाद-दुसरं जनुकच आहे, तिच्यातून अख्खा आयएलटी विषाणू पुन्हा उभा राहू शकत नाही.

पण याच गुणांची दुसरी बाजू कार्यक्रम ठरवताना विसरली जाते. लासोटासारखी स्प्रेने दिलेली राणीखेतची जिवंत लस एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जाते, त्यामुळे चुकलेल्या पिल्लालाही उशिरा का होईना, ती मिळते. एचव्हीटी कोंबड्यांमध्ये असा शेजाऱ्याकडे फारसा पसरत नाही. सुई चुकली की ते पिल्लू कायमचं राहिलं. शेडमध्ये त्याची भरपाई होत नाही.

आता मुख्य भागाकडे, म्हणजे नायट्रोजनच्या कंटेनरपासून सुईच्या टोकापर्यंत. नेहमीची एचव्हीटी व्हेक्टर लस पेशीबद्ध असते. अँप्यूलमध्ये (काचेच्या छोट्या बंद कुपीत) संसर्ग झालेल्या जिवंत पेशी असतात आणि विषाणू त्यांच्या आत असतो. पेशी मेली की डोस गेला. त्या उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायच्या असतात आणि अँप्यूल पूर्ण बुडालेल्या हव्यात. पातळी दर आठवड्याला पट्टीने मोजा, तारीख घालून वहीत लिहा. काही कंटेनरमध्ये एक अँप्यूल उलटी ठेवलेली असते. तिच्यातलं गोठलेलं द्रव्य टोकाकडे उतरलेलं दिसलं, तर मध्ये कधीतरी नायट्रोजन संपून माल वितळला होता आणि पुन्हा गोठला, असं समजायचं. तो माल टाकायचा. पेशी मेलेल्या असल्या तरी वरून तो तसाच दिसतो, म्हणून ही खूण फार कामाची आहे.

अँप्यूल काढताना, ज्या पट्टीला त्या लावलेल्या असतात तिच्यावरच्या बाकीच्या अँप्यूल कंटेनरच्या तोंडाशी उघड्यावर धरून ठेवू नका. हवी ती काढा आणि पट्टी लगेच खाली सोडा. चेहऱ्यावर शील्ड, हातात जाड हातमोजे आणि खोलीला खेळती हवा हवीच. अँप्यूल फुटते आणि बंद खोलीत नायट्रोजन साचला की ऑक्सिजन कमी पडतो. इथे घाई परवडत नाही.

वितळवण्यासाठी स्वच्छ पाण्याचा बाथ लागतो. बहुतेक लेबलांवर तापमान 25 ते 27 अंशांच्या आसपास आणि वेळ 60 ते 90 सेकंद दिलेली असते. लेबल वेगळं सांगत असेल तर लेबलाचं ऐका. थर्मामीटर बाथमध्ये कायम हवा, हात घालून अंदाज घेणं चालणार नाही. एका वेळी मूठभर अँप्यूल टाकल्या की पाणी थंड होतं आणि वितळायला दुप्पट वेळ लागतो. गोठवण्यासाठी घातलेलं डीएमएसओ थंडीत पेशींना वाचवतं, पण वितळल्यावर तेच त्यांना मारतं. म्हणून वितळलेली अँप्यूल टेबलावर पडून राहता कामा नये. सिरिंजमध्ये आधी थोडं डायल्युएंट (लस पातळ करायचं द्रावण) घ्या, 18 गेजच्या सुईने अँप्यूलमधला माल सावकाश ओढा, बॅगमध्ये हळू सोडा, मग त्याच डायल्युएंटने अँप्यूल एकदा खंगाळून तेही बॅगमध्ये घाला. बारीक सुईतून जोरात ओढलं की पेशी फाटतात. न खंगाळलेल्या अँप्यूलच्या भिंतीला उरलेले डोस तुम्ही विकत घेतलेले असतात.

डायल्युएंटचा रंग बघा. त्यातला फिनॉल रेड सामू बिघडला की रंग बदलतो. पिवळी पडलेली किंवा जांभळट झालेली बॅग वापरू नका. त्यात अँटिबायोटिक, जीवनसत्त्वं किंवा दुसरी लस घालायची तर लस बनवणाऱ्या कंपनीची लेखी संमती असल्याशिवाय नाही. क्षारांचं प्रमाण आणि सामू बदलले की पेशींचा निकाल लागतो, आणि बॅग बघून ते कळत नाही.

आता वेळेचं गणित. तयार बॅग साधारण तासाभरात संपवायची असते, काही लेबलांवर दोन तासांपर्यंत मुभा असते. दोन माणसं तासाला प्रत्येकी 2,000 पिल्लं टोचत असतील, तर एका वेळी 8,000 डोस कालवायचे नाहीत. शेवटच्या पिल्लांना दोन तास जुनी बॅग मिळेल. 4,000 डोसच कालवा, पुढची बॅग गरज पडेल तेव्हा. बॅग दर काही मिनिटांनी हलक्या हाताने फिरवा. पेशी तळाशी बसतात, त्यामुळे न फिरवलेल्या बॅगेतल्या काही पिल्लांना जास्त माल मिळतो, तर काहींना नुसतं डायल्युएंट.

मात्रेची चूक इतकी साधी असते की तिचा संशयही येत नाही. पिल्लाला मानेच्या कातडीखाली 0.2 मिली देतात, म्हणजे 400 मिली बॅगेत 2,000 डोस. अंड्यात इन-ओव्हो मशीनने 0.05 मिली जातं, म्हणजे त्याच 400 मिली बॅगेत 8,000 डोस हवेत. नवीन ऑपरेटरने सवयीने 2,000 डोसची एकच अँप्यूल घातली, तर प्रत्येक अंड्याला पाव डोस जातो. मशीन चालू राहतं, पिल्लं निघतात, रजिस्टरमध्ये लसीकरण पूर्ण असं लिहिलं जातं. म्हणून मिसळण्याच्या टेबलावर भिंतीला मोठ्या अक्षरांत हा तक्ता लावा: किती मिली, किती डोस, किती अँप्यूल. आणि दुसऱ्या माणसाची सही घ्या.

आम्ही डोस तोडण्याच्या विरोधात का आहोत, ते इथे स्पष्ट होतं. एचव्हीटीसाठी नियमातली किमान मर्यादा डोसमागे 1,000 पीएफयू (जिवंत विषाणू मोजायचं एकक) असते, व्हेक्टर लसींचा लेबलवरचा आकडा ब्रँडप्रमाणे त्याहून वर असतो. "अर्ध्या डोसनेही चालतं" हा हिशोब वितळवण्यात, मिसळण्यात आणि थांबण्यात जे मरतं ते धरतच नाही. शिवाय पीएफयू कमी म्हणजे विषाणू उशिरा वाढणार, आणि पिल्लाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उशीर हाच सगळ्यात महाग पडतो. खर्च वाचवायचाच असेल तर वाया जाणाऱ्या अँप्यूल मोजा, त्यात पैसा सापडेल.

इन-ओव्हो करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इंजेक्शन उबवणीच्या साधारण 18 ते 19 दिवसांच्या दरम्यान, आणि लस गर्भाच्या शरीरात किंवा अम्निऑनच्या (गर्भाला लागून असलेल्या पिशवीच्या) द्रवात पडली पाहिजे. हवेच्या कप्प्यात किंवा तिच्या बाहेरच्या अलॅन्टॉइक द्रवात पडलेली लस जवळपास गेल्यात जमा. लवकर टोचलं की अशी चूक वाढते. उशीर झाला की पिल्लं आतून कवचाला चोच मारू लागतात. इंजेक्शनच्या वेळी 1 टक्क्याहून जास्त अंड्यांना बाहेरून भेग पडली असेल, तर ट्रान्सफर (अंडी उबवणी मशीनमधून हॅचरमध्ये हलवणं) उशिरा झालं. निळा रंग घालून थोडी अंडी टोचा, लगेच फोडा आणि रंग कुठे आहे ते बघा. ही तपासणी फक्त मशीन बसवताना करायची नाही, ब्रीडर फ्लॉकचं वय बदललं की पुन्हा करायची, कारण अंड्याचा आकार बदलतो. मशीनच्या सुया क्लोरीनने धुतल्या आणि अंश राहिला, तर तो अंश पहिल्या ट्रेच्या लसीला मारतो. हाताने टोचणाऱ्यांनी रंग घालून दर पाळीला 100 पिल्लं तपासावीत: मानेची पिसं ओली आहेत का, रक्त आलंय का, लस डोक्यात गेलीय का, की टोचलंच नाही. दर हजार-दीड हजार पिल्लांनंतर सुई बदला.

आता अपेक्षांबद्दल. एचव्हीटीतून मरेक्सविरुद्ध संरक्षण साधारण आठवडाभरात उभं राहतं, पण परक्या जनुकाचं संरक्षण त्याच वेगाने येत नाही. गंबोरोसाठी दोन ते तीन आठवडे, राणीखेतसाठी तीन ते चार आठवडे धरा. ज्या भागात व्हेलोजेनिक (अतिघातक) राणीखेत फिरतोय, तिथे दुसऱ्या आठवड्यात पिल्लं मरायला लागली तर ते लसीचं अपयश नाही. ती कार्यक्रमातली फट आहे. ती भरायची तर हॅचरीतच स्प्रेने जिवंत राणीखेत लस द्या. तिच्यामुळे श्वासनलिकेत स्थानिक प्रतिकार तयार होतो, जो एचव्हीटी व्हेक्टर देत नाही. टोचलेल्या पक्ष्याचा जीव वाचतो, पण तो थोडाफार विषाणू बाहेर टाकू शकतो. म्हणून "व्हेक्टर घेतली, आता स्प्रे बंद" हा निर्णय धोकादायक भागात घेऊ नका.

दोन एचव्हीटींचा मुद्दा आणखी सरळ आहे. एचव्हीटी-एनडी (राणीखेतची) आणि एचव्हीटी-आयबीडी (गंबोरोची) एकाच पिल्लाला एकत्र दिल्या, तर ते एकमेकांच्या जागेसाठी झगडतात आणि एकाचं किंवा दोन्हींचं संरक्षण घसरतं. साधी एचव्हीटी मरेक्स लस त्यात घातली तरी तेच होतं. नंतर वेगळ्या दिवशी देऊनही फायदा नाही, पहिला एचव्हीटी आधीच बसलेला असतो. दोन्ही रोगांचं संरक्षण हवं असेल तर एकाच विषाणूत दोन्ही जनुकं बसवलेली लस घ्या. मरेक्सचं संरक्षण वाढवायचं असेल तर रिस्पेन्स किंवा एसबी-1 या मरेक्सच्या दुसऱ्या लसी सोबत द्या, तेही ज्या जोडीला लेबलवर परवानगी आहे तीच. हे माहीत असूनही "स्टॉक पडून आहे, संपवून टाकू" म्हणून एकत्र टोचलं जातं. स्टॉक संपतो, आणि संरक्षण कुठे गेलं ते कोणाला सापडत नाही.

आणि गंबोरोमध्ये आणखी एक हात आखडा. व्हेक्टर टोचलेल्या फ्लॉकला 14 ते 18 दिवसांत इंटरमिजिएट प्लस "खात्रीसाठी" पाजली, तर बर्सा वाचवण्यासाठी ज्याचे पैसे मोजले, तीच वाचवलेली बर्सा तुम्ही स्वतः दुखावता. स्थानिक व्हायरसचा दाब फार असेल, किंवा व्हीपी 2 बदललेले व्हेरियंट तुमच्या भागात असतील, तर तो निर्णय बर्साची तपासणी आणि विषाणूचं सिक्वेन्सिंग बघून घ्या, सवयीने नको.

टेस्टबद्दल तर चूक जवळपास ठरलेली असते. एचव्हीटी-एनडी लसीत फक्त एफ जनुक आहे. एचआय टेस्ट राणीखेत विषाणूच्या दुसऱ्याच, म्हणजे एचएन प्रथिनाच्या अँटिबॉडी मोजते. त्यामुळे फक्त व्हेक्टर दिलेल्या आणि बाहेरून संसर्ग न झालेल्या फ्लॉकचा एचआय शून्याजवळच येणार. तो कमी टायटर बघून आणखी दोन जिवंत लसी पाजल्या जातात. एफ प्रथिनाच्या अँटिबॉडी ओळखणारी एलायझा (अँटिबॉडी मोजायची दुसरी टेस्ट) वापरा. गंबोरोच्या जुन्या एलायझा किटही व्हीपी 2 ची अँटिबॉडी नीट धरत नाहीत, व्हीपी 2 लावलेली किट घ्या. एच 5 व्हेक्टरचं मात्र उलट आहे: तिथे बसवलेलं जनुक हिमॅग्लुटिनिनचंच असल्याने एचआयला अर्थ आहे, फक्त टेस्टचा अँटिजेन त्याच स्ट्रेनच्या जवळचा हवा. आणि लसीत बर्ड फ्लू विषाणूचं एनपी हे आतलं प्रथिन नसल्याने एनपी एलायझा पॉझिटिव्ह आली, तर फ्लॉकला खरा संसर्ग होऊन गेलाय असा संशय घ्यायचा. लस टोचलेला पक्षी आणि रोग झालेला पक्षी वेगळा ओळखण्याची ही सोय या लसींचं फार मोठं बलस्थान आहे. फ्रान्सने ऑक्टोबर 2023 मध्ये बदकांचं बर्ड फ्लू लसीकरण सुरू केलं, तेव्हा वापरलेल्या लसींपैकी एकीत फक्त एच 5 प्रथिन होतं, आणि ते जनुकीय बदल केलेल्या बॅक्युलोव्हायरस या कीटकांच्या विषाणूकडून कीटकपेशींत बनवून घेतलेलं होतं. तिथेही पाळत ठेवण्याचं गणित असंच आहे.

लस "बसली" का ते बघायचं असेल तर अँटिबॉडीच्या आधी पीसीआर करा. बसवलेलं जनुक शोधणारी पीसीआर, दुसऱ्या आठवड्यात प्लीहेवर किंवा तीन-चार आठवड्यांना पिसाच्या मुळातल्या गरावर. पिसासाठी पक्षी मारावा लागत नाही. संख्येबाबत स्वतःला फसवू नका. 20 पैकी 20 पॉझिटिव्ह आले तरी 95 टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं, की किमान 86 टक्के पिल्लांना लस बसली. तोच दावा 95 टक्के पिल्लांबद्दल करायचा असेल तर 60 नमुने लागतात, आणि सगळे पॉझिटिव्ह हवेत. ते पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यातून उचलू नका, हॅचच्या वेगवेगळ्या वेळी टोचलेल्या पिल्लांमधून घ्या.

कोंबड्यांच्या देवीच्या (फाउल पॉक्सच्या) विषाणूवर बसवलेल्या लसींबाबत एकच सांगतो: ज्या पक्ष्यांना आधी देवीची लस किंवा देवीचा संसर्ग झाला आहे, त्यांच्यात वाहक विषाणूच नीट वाढत नाही आणि बसवलेल्या जनुकाचं संरक्षण घसरतं. राणीखेतच्या सौम्य स्ट्रेनवर एच 5 बसवलेल्या लसींना हीच अडचण राणीखेतच्या मातृ-अँटिबॉडीमुळे येते. वाहक कोणता आहे हे न बघता कार्यक्रम ठरवणं बरोबर नाही.

ग्राहकांच्या प्रश्नाचं उत्तरही तुमच्याकडे असलं पाहिजे. कोंबडीच्या जनुकांत काही बदल केलेला नाही, बदल लसीच्या विषाणूत आहे. एचव्हीटी माणसाला रोग देत नाही आणि कोंबडीकडून अंड्यातून पुढच्या पिढीत जात नाही. लेबलवर विथड्रॉवल कालावधी (लसीनंतर पक्षी खाण्यासाठी विकण्याआधी थांबायचे दिवस) दिला असेल तर तो पाळा आणि लिहून ठेवा. टाळाटाळ करून उत्तर दिलं की शंका वाढते.

पुढच्या वेळी "लस फेल गेली" म्हणून प्रयोगशाळेत नमुने पाठवाल, तेव्हा सोबत एवढं पाठवा: अँप्यूल आणि डायल्युएंट दोन्हींचे बॅच नंबर, त्या आठवड्यातली नायट्रोजनची पातळी, बाथचं तापमान, बॅग कालवल्याची आणि संपल्याची वेळ, किती मिलीत किती डोस, इन-ओव्हो की कातडीखाली, रंगतपासणीचा निकाल, इतर सगळ्या लसी तारखांसह, आणि मर सुरू झाली तेव्हाचं वय दिवसांत. यातला कोणताही रकाना कोरा असेल, तर "नोंद नाही" असं स्पष्ट लिहा. अंदाजाने भरू नका.

आपले,
पक्ष्यांच्या लसीकरणाचं आणि निदानाचं काम करणारे पशुवैद्यक व प्रयोगशाळा कर्मचारी